बाजअळंबी

१

आफ्राचं भावाशी बोलणं बंद होतं, पण दोघं राहायची एकाच घरात. आई गेल्यावर घराच्या वाटण्या झाल्या. खालचा मजला भाऊ कोर्बिनियान, म्हणजे कोर्बी, आणि त्याची बायको बुर्गी यांना, वरचा आफ्राला. जिना मात्र एकच राहिला. त्या जिन्यात दोघं भावंडं समोरासमोर आली की एकाने भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि दुसऱ्याने पायऱ्यांकडे बघत निघून जायचं. वसंत ऋतूपासून हे असं चाललं होतं, आणि आता स्प्रूसच्या सूचिपर्णी रानात धुकं उतरायला लागलं होतं.

आफ्रा शाळांसाठी तक्ते रंगवायची. पक्षी, पानं, बुरशी, किडे. फिख्टेनरीडसारख्या आडगावात बसून तिने बव्हेरियातल्या निम्म्या शाळांच्या भिंती भरल्या होत्या. सकाळी काळी कॉफी प्यायची, उत्तरेच्या खिडकीशी टेबल ओढायचं आणि दुपारच्या जेवणापर्यंत मान वर करायची नाही, हा तिचा नेम. या खेपेला प्रकाशकाने मागितलेला तक्ता साधा होता. डावीकडे बाज, उजवीकडे बाजअळंबी. तपकिरी टोपीवर खवल्यांची वर्तुळं असलेल्या त्या अळंबीला रानातल्या लोकांनी या पक्ष्याचं नाव का दिलं, ते पोरांनी दोन्ही चित्रं ताडून ओळखायचं.

बाजासाठी तिला नमुना लागला नाही. घरामागच्या उंच स्प्रूसवर बाजाच्या जोडीचं घरटं होतं, आणि माळ्याच्या झरोक्यातून तिने कित्येक उन्हाळे त्या मादीकडे बघण्यात घालवले होते. छातीवरचे बारीक आडवे पट्टे, डोळ्यावरची पांढरी भुवई, आणि तो नारिंगी डोळा. माणूस दिसलं की ती उडून जायची नाही. तू इथे काय करतेस, असं विचारल्यासारखी बघत राहायची.

मार्चमध्ये घरटं गप्प झालं.

कोर्बीकडे शर्यतीची कबुतरं होती. शेडमध्ये जुन्या पोत्यांखाली बाज पकडायचा सापळा होता : खालच्या कप्प्यात जिवंत कबुतर ठेवायचं आणि वरची झाकणं ताणून उघडी ठेवायची. आफ्राने जिल्हा कचेरीत तक्रार केली. एक माणूस आला, कोर्बीने जिथे जिथे नेलं तिथे तिथे बघून आला, आणि मेलेला पक्षी सापडल्याशिवाय काही करता येत नाही म्हणाला. जाताना त्याने बुर्गीच्या केकची तारीफ केली. त्या दिवसापासून आफ्राने खालच्या स्वयंपाकघरातला पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता.

आता त्याच झाडाखाली, गळलेल्या स्प्रूसच्या काड्यांमधून, बाजअळंब्यांचं एक मोठं कडं उगवलं होतं. इतक्या वर्षांत तिथे एकही कधी दिसली नव्हती. आफ्रा रोज सकाळी एक ताजी अळंबी खुडून आणायची आणि पांढऱ्या बशीत ठेवून रंगवायची. रंगवताना दात आवळलेले असायचे. डावीकडच्या पक्ष्याचं तिने जीव ओतून पीस न् पीस काढलं होतं, आणि तो पक्षी आता कुठेच नव्हता.

भिंग लावून खवले बघताना तिला ती रेघ दिसली. एका खवल्याच्या बरोबर मधून गेलेली, पांढरट, केसाएवढी. पिसाला मधोमध दांडा असतो. अळंबीच्या खवल्याला नसतो, असायचं कारणच नसतं. टोपी वाढते तशी वरची साल तडकते, तेच खवले. तिने सुईने रेघ उचकली. ती ताठ होती. वाकवून सोडली तर परत सरळ झाली.

अळंबी वाढताना एखादी काडी आत अडकली असेल, असं आफ्राने ठरवलं. चित्रात ती घेतली नाही.

दुसऱ्या दिवशीच्या अळंबीत प्रत्येक खवल्याला रेघ होती.

२

बुर्गी वर आली ती नेहमीसारखी दार न वाजवता. गोल चेहऱ्याची, सदा पिठाने माखलेल्या हातांची ही बाई बहीण-भावाच्या भांडणात कुणाचीच बाजू घ्यायची नाही, आणि आफ्राला त्याचाच संताप यायचा.

"सूप केलंय," बुर्गी म्हणाली. "खाली ये म्हणत नाही. वर आणून देऊ का?"

"नको."

"त्या झाडाखालच्या बाजअळंब्या आणल्या होत्या मी टोपलीभर. कोवळ्या बघून. निम्म्या वाळवून कुटून ठेवल्या, मसाला म्हणून. काय चव आहे गं. कोर्बी तर वाडगा पुसून खातोय आठवडाभर."

"त्या झाडाखालच्या?"

"मग काय, परमिट काढायचं होतं तुझ्याकडून?" बुर्गी हसली आणि टेबलाशी आली. तक्त्याकडे तिने बराच वेळ पाहिलं. "छान झालाय. पण दोन्हीकडे बाजच का काढलायस?"

"दोन्हीकडे नाही. उजवीकडे अळंबी आहे."

"बरं."

"बरं काय? अळंबी आहे ती."

"अगं, मी कुठे नाही म्हणते? तुझं चित्र, तुला ठाऊक."

ती गेल्यावर आफ्राने तक्ता भिंतीला टेकवला आणि मागे सरकून उभी राहिली. उजवीकडे तिने गोल टोपी काढली होती, जाड देठ काढला होता. हे तिला पक्कं आठवत होतं. टोपी होती. पण तिच्या कडेचे खवले छातीवर पिसं बसावीत तसे बसले होते, आणि देठावर, जिथे गुळगुळीत राखाडी रंग पाहिजे, तिथे बारीक आडवे पट्टे होते. तिच्याच हाताने काढलेले, तिच्याच कुंचल्याचे. हात सवयीने डावीकडचं उजवीकडे नेत असेल. महिनाभर एकच पक्षी डोक्यात घोळवल्यावर दुसरं काय होणार?

तिने बशीतली अळंबी उचलली आणि देठ उजेडात धरला. मग ती बशीसकट खिडकीबाहेर ठेवली आणि खिडकी लावून घेतली.

चित्रात चूक नव्हती.

३

कबुतरांची ढाबळ अंगणाच्या टोकाला होती. लाकडी, चार खांबांवर उभी, पुढच्या बाजूला जाळी. कोर्बी रोज सकाळी दाणे घेऊन आत शिरला की कबुतरं त्याच्या खांद्यांवर, डोक्यावर, हातांवर येऊन बसायची. माणसांशी दोन शब्द नीट न बोलणारा हा माणूस त्यांच्याशी तासन्‌तास गुणगुणत बसायचा. आफ्राला ते ऐकू आलं की तिच्या अंगाची लाही व्हायची. सापळ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवलेलं कबुतरही यांच्यातलंच असणार.

त्या सकाळी गुणगुणणं ऐकू आलं नाही. एकदम फडफडाट झाला आणि जाळीवर काहीतरी आदळल्याचे आवाज आले. आफ्रा खिडकीशी गेली. कोर्बी ढाबळीच्या मधोमध दाण्यांचा डबा धरून उभा होता आणि सगळी कबुतरं त्याच्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं जाऊन जाळीला, छताला, कोपऱ्यांना धडकत होती. मग एकाएकी शांत झाली. सगळ्यांनी अंग चपटं करून फळ्यांना चिकटवून घेतलं. डोक्यावर बाजाची सावली फिरली की कबुतरं असं करतात.

आभाळ रिकामं होतं.

"काय केलंस तू?" कोर्बी खालून ओरडला. कित्येक महिन्यांनी तो तिच्याशी बोलत होता. "माझ्या कोटाला काय लावलंस?"

"मी तुझ्या कोटाला हात लावेन? काठीनेसुद्धा लावणार नाही."

"मग ही अशी का करतात?"

"त्यांना विचार. तुझंच ऐकतात ना ती?"

बुर्गी एप्रनला हात पुसत आली. "दोघंही गप्प बसा जरा. पाणी बदलायचंय, मी जाते आत." ती दार उघडून आत गेली आणि पुन्हा तेच झालं. एक कबुतर जाळीत मान अडकून लोंबकळायला लागलं. बुर्गी लगबगीने बाहेर आली. हसण्याचा प्रयत्न करत होती. "आज यांना झालंय तरी काय?"

आफ्रा खाली उतरली. कबुतर सोडवायला हवं म्हणून ती ढाबळीत शिरली, दुसरं काही मनात नव्हतं. कबुतरं हलली नाहीत. तिने जाळीतली मान सोडवली, आणि ते थरथरणारं कबुतर तिच्या मनगटावरून चढत चढत थेट काखेपर्यंत गेलं आणि तिथे घुसून बसलं. मग दुसरं आलं. मग तिसरं. बघता बघता आफ्राच्या अंगावर बसायला जागा उरली नाही.

जाळीपलीकडे कोर्बी आणि बुर्गी शेजारी शेजारी उभे होते. दोघांची मान एका बाजूला सारखीच कलली होती.

कोर्बी तापल्या आवाजात म्हणाला, "चेटकीण झालीस तू."

आफ्रानेही आवाज चढवला. "आणि तू खुनी. आज का होईना, या बिचाऱ्यांना कळलं."

वर खोलीत आल्यावर मात्र तिने हिशोब मांडायला घेतला आणि तिला तो आवडला नाही. माणसाच्या घामाचा वास बदलतो. अन्नाने बदलतो, औषधाने बदलतो. कबुतरांना वास कळत असेल. तिघांपैकी दोघं एकाच भांड्यातलं जेवत होते आणि तिसरी रागापायी जेवत नव्हती. एवढंच. यात घाबरण्यासारखं काय होतं?

बुर्गीला सांगावं, ते सूप टाकून दे म्हणून? ती जिन्यापर्यंत गेली. खालून कोर्बीचा आवाज आला, तो तिच्याबद्दलच काहीतरी बोलत होता आणि बुर्गी नेहमीसारखी "असू दे, असू दे" करत होती. आफ्रा तिथूनच परत फिरली. खाऊ देत, मरू देत, असं तिच्या मनात आलं. आलं, आणि तिने ते मनातून काढलंही नाही.

४

दोन दिवसांनी कोर्बी कुदळ घेऊन झाडाकडे निघालेला तिने पाहिला. भर दुपार होती. तीही मागे निघाली.

तो कड्यातल्या अळंब्या बुटांनी तुडवत होता. तुटताना त्या नुसत्या मऊ फुटत नव्हत्या, आत काहीतरी कडकड मोडत होतं. आफ्रा झाडाला टेकून उभी राहिली.

"चालू दे," ती म्हणाली. "पण वरवर काय तुडवतोस? खणायचंय ना? कुठे खणायचं ते तुला माहीत आहे."

कोर्बीने कुदळ खाली टेकवली. चेहरा घामाने चकाकत होता. "हो, माहीत आहे. ऐकायचंय तुला? इथेच पुरली. आधी नर सापडला, मग चार दिवसांनी मादी. मान मुरगळली. तिने माझ्या हाताचा तुकडा काढला. झालं समाधान?"

इतके महिने आफ्राने हा क्षण मनात घोळवला होता. तो कबूल करेल, मग आपण काय बोलायचं, कोणत्या शब्दांनी त्याला सोलून काढायचं, सगळं तयार होतं. प्रत्यक्षात तिच्या तोंडून एवढंच आलं, "दाखव."

"काय?"

"ती कुठे आहेत दाखव. मला बघायचीयत."

तो खणायला लागला. वरच्या काड्या निघाल्या, मग काळी माती, मग पांढऱ्या धाग्यांचं जाळं, स्प्रूसच्या मुळांना घट्ट लपेटलेलं. कोर्बी गुडघ्यापर्यंत खोल गेला. हाड नव्हतं. पीस नव्हतं. चोच नाही, नख नाही. दोन मोठे पक्षी सहा महिन्यांत असे विरघळत नाहीत.

"इथेच होती," तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात राग नव्हता. "आफ्रा, शपथ घेऊन सांगतो, मी स्वतः ठेवली इथे. पोत्यात घालून. पोतं कुठाय?"

"कोल्ह्याने नेलं असेल."

"वरची माती हललेली नव्हती. तू पाहिलंस ना? हललेली नव्हती."

त्याने हातांनी धागे उपसायला सुरुवात केली. मूठभर काढायचा, बघायचा, टाकायचा. आणि मग आफ्राच्या लक्षात आलं की तो ते सगळंच टाकत नव्हता. हात तोंडाशी जात होता. डोळे खड्ड्यावर, जबडा चालू, आपण काय करतोय याचा त्याला पत्ताच नसावा.

"कोर्बी," ती म्हणाली.

त्याने वर पाहिलं. डोळे फिरवले नाहीत, सगळी मान एका झटक्यात वळवली. आणि बघत राहिला, पापणी न हलवता.

आफ्रा घराकडे चालू लागली. पळायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं. अंगणात येईपर्यंत तिने ते पाळलं.

५

पुढचे दिवस घर शांत होतं. ढाबळही शांत होती. खालून सुपाचा वास येत राहिला. आफ्राने दोनदा बुर्गीला जिन्यात गाठून सांगितलं की त्या अळंब्या खराब आहेत, फेकून दे. बुर्गीने दोन्ही वेळा ऐकून घेतलं. "आज पहिल्यांदा तुला आमच्या जेवणाची काळजी वाटली," ती म्हणाली. टोमणा होता, पण तिने तो हसत मारला, आणि आफ्राचं डोकं फिरलं ते फिरलंच. सांगायचं तसं सांगून झालं होतं. आता तिने काय, पाय धरायचे?

रविवारी जेवणाच्या वेळी बुर्गीने कोर्बीला हाका मारायला सुरुवात केली. तो ओ देईना. आफ्रा लाकडं आणायला खाली उतरली होती. ढाबळीचं दार अर्धवट उघडं होतं. आत एकही कबुतर घुमत नव्हतं. जवळ गेल्यावर तिने फटीतून पाहिलं.

आत उजेड पट्ट्यापट्ट्यांचा होता. फळ्या रिकाम्या होत्या. कोर्बी जमिनीवर तिच्याकडे पाठ करून उकिडवा बसला होता. कोपर बाहेर काढून त्याने दोन्ही हात पसरले होते आणि कोटाचे दोन्ही पल्ले खाली टेकले होते, समोरचं काहीतरी कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून. बाज शिकारीवर बसतो तो असाच. आफ्राने ती बसायची तऱ्हा शेकडो वेळा रेखाटली होती. डोकं खाली जात होतं आणि झटक्याने वर येत होतं.

त्याची कॉलर सरकली होती. केस संपतात तिथपासून खाली, मानेवर, एकावर एक बसलेलं काहीतरी होतं. तपकिरी, टोकं किंचित उचललेली. ती टोकं श्वासाबरोबर वर झाली आणि परत बसली.

तिने दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली.

आतली हालचाल थांबली. नखं फळीवरून सरकावीत तसं काहीतरी दाराच्या अगदी जवळ आलं.

"आफ्रा," कोर्बी म्हणाला. अगदी साधा आवाज, लहानपणी न्हाणीघरात अडकला की यायचा तसा. "उघड गं. बुर्गी वाट बघत असेल."

तिचा हात कडीवर होता. वसंतापासून तिला हेच हवं होतं ना? हा माणूस पिंजऱ्यात, आणि बाहेर ती. आता तो आत होता आणि मऊपणाने बोलत होता, आणि त्याला बाहेर काढायचं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. कारण आत आहे तो भाऊ आहे असं धरलं तर ती दुष्ट ठरत होती, आणि नाही असं धरलं तर...

"कडी कुणी घातली?" मागून बुर्गी आली. "लहान आहात का तुम्ही? तो तुझा भाऊ आहे, आफ्रा. हो बाजूला."

"बुर्गी, उघडू नकोस. मी पाहिलं."

"काय पाहिलंस?"

आफ्रा दारासमोरून हलली नाही. बुर्गीने तिला कोपराने सारून कडी काढली. कोर्बी बाहेर आला, कॉलर वर केलेली, ओठ पुसलेले. आत जमीन स्वच्छ होती. पीससुद्धा नव्हतं. कबुतरं कुठे गेली हे बुर्गीने विचारलं नाही. तिने त्याच्या कोटावरची धूळ झटकली आणि दोघं शेजारी शेजारी घराकडे गेले. वाटेत एक चिमणी कुंपणावरून उडाली, तेव्हा दोघांच्या माना तिच्यामागे एकदम वळल्या.

संध्याकाळच्या बसने आफ्राने गाव सोडलं. निघण्याआधी खाली जाऊन तिने बुर्गीला सांगितलं, चल माझ्याबरोबर, आत्ताच्या आत्ता. बुर्गी कधी चिडायची नाही. त्या दिवशी चिडली. "वर्षभर तू या घरात विष कालवलंस. आता तो शांत झालाय, तर ते तुला बघवत नाही. जा तू."

६

रेगेन्सबुर्गला आफ्राने खोली घेतली. तक्ता तिने दिलाच नाही. प्रकाशकाने फोन करकरून नाद सोडला. दर रविवारी ती घरी फोन लावायची. बुर्गी उचलायची, बरं चाललंय म्हणायची, ठेवून द्यायची. हिवाळाभर हेच. आफ्रा मग रस्त्यावर तासभर तरातरा चालून यायची. राग कोर्बीवर, राग बुर्गीवर, राग त्या केक खाणाऱ्या अधिकाऱ्यावर. राग होता तोवर रात्री झोप लागत होती.

मार्चअखेरीस एकदा फोन बराच वेळ वाजत राहिला.

"झोपली होतीस का?" आफ्राने विचारलं.

"नाही गं. इथेच आहे, शेगडीजवळच्या बाकावर. हात पुरत नव्हता." बुर्गीचा आवाज मंद आणि सुखी होता.

"कोर्बी कसा आहे?"

"चांगला आहे. फार जपतो मला. पहाटेच रानात जातो आणि काही ना काही घेऊन येतो. दारात ठेवतो, मला हाक मारतो."

"काय आणतो?"

"खायचंच."

"तू शिजवतेस ना ते, बुर्गी?"

मग बुर्गी म्हणाली, "तू नको ना अशी चिडून बोलूस. आजकाल मोठा आवाज सोसत नाही."

"मी उद्या येते. पहिल्या बसने. कपडे भरून ठेव, तुला घेऊन जाते. या वेळी तुझं काही ऐकणार नाही."

"उद्या नको."

"का? बरं नाहीये का तुला?"

"इतकी बरी मी कधीच नव्हते."

"मग ऊठ त्या बाकावरून. आत्ता ऊठ. मी फोन धरून आहे, तू उठून उभी राहा आणि मला सांग." आफ्राला आपला आवाज परका वाटला. ज्या रागाने तिला वर्षभर उभं धरलं होतं तो तिने आवाजात आणू पाहिला. तो आलाच नाही. "बुर्गी, ऐकतेस ना? ऊठ."

"अगं, असं कसं उठू," बुर्गी समजावणीच्या सुरात म्हणाली, आणि तिच्या अंगाखाली गवत की कापड काहीतरी हलक्याने सरसरलं. "अंडी गार पडतील ना."